तिगावची जीभ, चेंगदूचं ताट

चीनला जायचं ठरलं तेव्हा तिगावात जो तो एकच विचारायचा, "तिथं खासान काय?" नागपूरच्या एका टूरवाल्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. त्यांच्या सहलीत मराठी आचारी सोबत असतो. बीजिंगला वरण-भात, शांघायला पोहे. ऐकूनच माझा उत्साह मावळला. पोहे खायचे तर पांढुर्णा स्टँड काय वाईट आहे? शिवाय तिथं तर्री मिळते. पुतण्या चेंगदूला डॉक्टरकी शिकत होता. त्याच्या भरवशावर २०१९ च्या एप्रिलात आम्ही दोघंच निघालो. मी सावजीपर्यंत काहीही खाणारा, पण आमच्या सौभाग्यवतींच्या गळ्यात तुळशीची माळ. खरी परीक्षा त्यांचीच होती.

पहिला मुक्काम शिआनला. पुतण्या तिथंच येऊन आम्हाला मिळाला. तिथल्या ड्रम टॉवरच्या मागे मुसलमानांची जुनी वस्ती आहे आणि तिची मुख्य गल्ली म्हणजे खाण्याचा बाजारच. तिथे मी 'यांगरोउ पाओमो' खाल्लं. आधी रिकामा वाडगा आणि दोन घट्ट, जाड रोट्या आणून ठेवतात. रोट्या आपणच चुरायच्या, तुकडे हरभऱ्याएवढे. मग वाडगा आत जातो आणि मटणाचा रस्सा, मटणाचे तुकडे, पारदर्शक शेवया असं सगळं एकत्र उकळून परत येतो. सोबत गोड मुरवलेला लसूण आणि तिखटाचा गोळा. शेजारचे म्हातारे गप्पा मारत निवांत चुरत बसले होते. कुणाला घाई नव्हती. तुकडे मोठे राहिले की आचारी नवखं गिऱ्हाईक ओळखतो म्हणे. लहानपणापासून रश्श्यात भाकर चुरून खाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. माझा वाडगा पाहून वाढणाऱ्या बाईनं मान डोलावली.

सौ. साठी पुतण्यानं 'लिआंगपी' मागवलं. थंड, रुंद पट्ट्या. वर काकडी, व्हिनेगर, मिरचीचं तेल. शेजारच्या दुकानात त्या करताना दिसल्या म्हणून आम्ही थांबलो. कणीक मळून पाण्यात धुवायची, पाण्याखाली बसलेला गाळ ताटलीत पातळ ओतून वाफवायचा. "हा तं कुरोड्याचा चीक व्हय!" सौ. मोठ्यानं म्हणाल्या. आमच्याकडे गहू भिजवून वाटून चीक काढतात, तिथं मळलेली कणीक धुऊन, फरक इतकाच. पण धुतल्यावर उरलेला चिवट गोळाही ते फेकत नाहीत. तोही वाफवतात आणि स्पंजासारखे त्याचे तुकडे त्याच पट्ट्यांत घालतात. त्यानंतर शिआनमध्ये सौ. नी दुसरं काही मागवलंच नाही.

तिथून चेंगदूची गाडी. २०१७ च्या डिसेंबरात सुरू झालेला हा जलद मार्ग छिनलिंग पर्वताच्या पोटातून जातो. एक बोगदा संपतो न संपतो तोच दुसरा. तिगाव-चिचोंडा घाटात गाडी धापा टाकत चढताना पाहिलेल्या माणसाला ते खरंच वाटेना. डब्यात उकळत्या पाण्याची तोटी असते आणि निम्मा डबा कागदी पेल्यातल्या शेवयांवर ते पाणी ओतत असतो. सौ. नी पिशवीतून जवसाची चटणी काढली. समोरच्या बाईनं चिमूटभर चाखली आणि आणखी मागितली.

चेंगदूचं तिखट वेगळं. मिरची त्यांच्याकडे आणि आपल्याकडे, दोन्हीकडे अमेरिकेतून, गेल्या चार-पाच शतकांत आलेली. पण चेंगदूच्या सिचुआन प्रांतात तिच्या जोडीला एक दाणा असतो, कोकणातल्या तिरफळाच्या जवळच्या नात्यातला. आधी ओठ झिणझिणतात, मग जीभ बधिर होते, आणि त्या बधिरपणावर मिरची चढते. सावजी सरळ घाम काढते. हे प्रकरण जिभेला आधी गुंगी देतं. पहिल्या दिवशी पाणी प्यायलो तर पाण्याचीही चव बदललेली. तिसऱ्या जेवणापर्यंत मला चटक लागली होती. स्पष्टच सांगतो, सावजीवर वाढलेल्या माणसाला चीनमध्ये कुठं घरच्यासारखं वाटेल तर सिचुआनात.

सौ. ना मात्र टेबलावरच उकळत्या रश्श्यात शिजवून खायच्या हॉटपॉटच्या भांड्याजवळ नेऊनही उपयोग झाला नाही. मध्ये पत्रा घालून भांड्याचे दोन भाग केलेले असतात, पण बिनतिखटाच्या भागातलं पांढरं पाणीही बरेचदा हाडांचंच. शेवटी वेनशू विहार सापडला. या बौद्ध मठाला लागून शाकाहारी भोजनालय आहे आणि भिक्खूंच्या रीतीप्रमाणे तिथं कांदा-लसूणही नसतो. सौ. खूश. पण पहिलं ताट आलं ते अख्ख्या माशाचं! सोयाबीनचा मासा, खवल्यांसकट. "काकू, खोटा आहे तो," पुतण्या समजावत राहिला. "खोटा असू दे, मी नाई खात," त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. मग अळंबी, बांबूचे कोंब आणि टोफू यांवर त्या पोटभर जेवल्या. मासा मी संपवला. बरा होता.

एका दुकानात काचेच्या बरण्यांत वाळलेली सालटं दिसली, प्रत्येक बरणीवर वर्ष लिहिलेलं. ती 'चेनपी', मँडरीन संत्र्याची साल. वाळवून किमान तीन वर्षं मुरवतात. जितकी जुनी, तितकी महाग. ग्वांगदोंग प्रांतातल्या शिनह्वेईची सर्वांत नावाजलेली. चहात, औषधात, कोंबडीच्या रश्श्यातही घालतात. त्या रात्री मी चेनपीची कोंबडी खाल्ली: किंचित कडवट, वास थेट आमच्या बागेतला. नागपुरी संत्रा याच मँडरीन कुळातला आणि त्या कुळाचं मूळ चीनकडचंच. आमच्या पांढुर्णा-सौसरात संत्र्याच्या गाड्यांवर गाड्या भरून जातात. साल मात्र उकिरड्यावर. बरणीवरची किंमत ऐकून सौ. म्हणाल्या, "आपन तं पैसेच फेकून राह्यलो न बाप्पा!"

तुम्ही चीनला जाणार असाल आणि माळकरी असाल, तर निघण्यापूर्वी कुणाकडून तरी चिनी लिपीत लिहून घ्या: मांस, मासे, अंडी, चरबी, हाडांचं पाणी, काहीच नको. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर भाजी डुकराच्या चरबीत परतून येऊ शकते. जवसाची चटणी थोडी जास्त न्या, वाटायला लागते. आचारी मात्र नेऊ नका.