हायब्रिड गाडी मिळेपर्यंत

आमची जुनी डिझेल गाडी २०१० च्या सप्टेंबरची. म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पंधरा वर्षं भरणार आणि नोंदणीची मुदत संपणार. त्याआधी नवी गाडी घ्यायची, असं घरात ठरलं होतं.

मी मोशीहून राजगुरुनगरला शाळेत जाते. रस्त्यात चाकण लागतं. तळेगाव चौकात संध्याकाळी गाडी कशी सरकते, हे तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको. इलेक्ट्रिक गाडीचा विचार आधी केला होता. पण आमच्या सोसायटीचं पार्किंग उघडं आहे आणि चार्जरच्या परवानगीचा विषय सभेत पुढेच सरकत नव्हता. सीएनजीत डिकी जाते, आणि सासूबाईंची घडीची व्हीलचेअर रोज नसली तरी आठवड्यातून एकदा तरी न्यावी लागते. म्हणून हायब्रिड.

इथे एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला. गाडीच्या पाठीवर 'हायब्रिड' असं लिहिलेलं असलं तरी प्रकार दोन आहेत. माइल्ड हायब्रिडमध्ये मोटर इंजिनला थोडा हात देते, गाडी एकट्या विजेवर चालत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये हळू वेगात इंजिन बंद होतं आणि गाडी विजेवर जाते. बॅटरी ब्रेक लावताना आणि इंजिनकडून भरते, प्लग लावावा लागत नाही. ग्रँड विटारा आणि हायरायडर या गाड्या दोन्ही प्रकारांत मिळतात. नाव तेच, किमतीत मात्र काही लाखांचा फरक.

जवळच्या शोरूममध्ये चालवून बघायला फक्त माइल्ड होती. "मॅडम, फील सेमच आहे," असं तिथला मुलगा म्हणाला. मला ते पटलं नाही. चौकशी करून दुसऱ्या शाखेत स्ट्राँग असल्याचं कळलं, तिथे गेलो. जाताना व्हीलचेअर बरोबर नेली. बॅटरी मागे असल्यामुळे डिकी लहान होती. व्हीलचेअर आडवी घातली तर मावली, पण वर एक बॅगच बसत होती. ते चालण्यासारखं होतं, पण आधी बघितलं हे बरं झालं.

पाडव्याला बुकिंग केलं. तीन महिने लागतील असं तोंडी सांगितलं. ग्रँड विटारा आणि हायरायडर या दोन्ही बिडदीच्या एकाच कारखान्यात तयार होतात, म्हणून आम्ही दोन्हीकडे नाव घातलं. जी आधी येईल ती घ्यायची. बुकिंग रद्द केलं तर पैसे पूर्ण परत मिळतील, हे दोन्हीकडे पावतीवर लिहून घेतलं.

जूनअखेर एका शोरूमला फोन केला. ज्याने बुकिंग घेतलं तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. नवीन मुलाने यादी बघितली आणि म्हणाला, "तुमचं बुकिंग माइल्डचं आहे. ती आत्ता देतो." पावतीवर फक्त गाडीचं नाव होतं, व्हेरिएंट नव्हता. माझ्या पोटात गोळा आला. स्ट्राँगच्या रांगेत नव्याने उभं राहायचं म्हणजे दिवाळी गेली. पण आधीच्या मुलाने व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवलं होतं. त्यात व्हेरिएंट, रंग, तारीख सगळं होतं. ते घेऊन थेट मॅनेजरला भेटलो. त्यांनी दुरुस्ती केली आणि पाडव्याची तारीख कायम ठेवली. या वेळी मी तिथेच बसून ईमेल मागवला. ऑर्डर क्रमांक, व्हेरिएंटचं पूर्ण नाव, पहिला आणि दुसरा रंग, बुकिंगची तारीख. दुसऱ्या शोरूमकडूनही तसाच घेतला.

तोवर जुलै उजाडला होता. जुन्या गाडीची मुदत जवळ आली आणि नवीचा पत्ता नव्हता. शोरूमवाले म्हणत होते, जुनी आत्ताच एक्स्चेंजमध्ये द्या, भाव चांगला आहे. नवी हातात नसताना ती देणं मला धोक्याचं वाटलं. शाळेला कशाने जायचं, सासूबाईंना दवाखान्यात कसं न्यायचं? नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो. फॉर्म २५ भरला. पाच हजार शुल्क आणि वर पर्यावरण कर भरला. विमा आणि पीयूसी चालू होते. गाडी तपासणीला मोशीच्या आरटीओत नेली आणि पुढच्या पाच वर्षांची मुदत मिळाली. "विकायच्या गाडीवर कशाला खर्च?" असं हे म्हणत होते. पण त्या दिवसापासून मला रात्री नीट झोप लागू लागली.

ऑगस्टमध्ये गणपतीच्या तोंडावर अचानक फोन आला. "मॅडम, गाडी आलीय. गणपतीत घेऊन जा." व्हेरिएंट आमचाच होता, रंग वेगळा. कुणीतरी रद्द केलेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाप्पाच्या पावलांनी येतेय तर घे की." मलाही मोह झाला. पण मी फॉर्म २२ दाखवायला सांगितला, त्यावर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते असतं. ती एप्रिलची निघाली. शिवाय १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी जीएसटी बदलणार असल्याचं जाहीर केलं होतं. कर कमी झाला तर फरक परत देणार का, असं विचारलं. नाही म्हणाले. मग आम्ही नको म्हटलं, आणि आमचा नंबर तसाच राहील हे पुन्हा ईमेलवर घेतलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होत्या.

३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला. लहान गाड्यांना मोठा फायदा झाला, त्यांचा कर १८ टक्क्यांवर आला. आमच्यासारख्या चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के उपकर होता, तो एकूण ४० टक्के झाला. म्हणजे अठरा लाखांच्या गाडीमागे अडतीस हजारांच्या आसपास. ओळखीचे लोक लाखाच्या गोष्टी करत होते, तसं काही नव्हतं. नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू होणार होते. त्याच दिवशी घटस्थापना, आणि आधीचा पंधरवडा पितृपक्षाचा, त्यामुळे तेव्हा गाडी घ्यायची नाही यावर घरात एकमत होतं.

नवरात्र सुरू झाल्यावर पहिल्याच शोरूममधून गाडी लागली. ऑगस्टची बनावट, रंग आमच्या यादीतला दुसरा. आता त्यांनी ॲक्सेसरीजचं पॅकेज आणि त्यांचाच विमा घ्यावा लागेल असं सांगितलं. विमा कुठूनही घेता येतो. मी आधीच बाहेरून दर काढून ठेवला होता, एक वर्षाचा स्वतःच्या नुकसानीचा आणि तीन वर्षांचा थर्ड पार्टी. तो कागद समोर ठेवल्यावर त्यांनी तेवढ्यातच करून दिला. पॅकेजमधलं मॅट आणि मडफ्लॅप घेतले, बाकी नाकारलं. बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत मधल्या काळात संपली होती, पगाराच्या पावत्या पुन्हा द्याव्या लागल्या. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस घेतात. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, त्याची नोंद २६एएसमध्ये आली का ते बघा.

पैसे पूर्ण भरण्याआधी गाडी उजेडात बघितली. काचांवरचं वर्ष, टायरवरचा आठवडा, किलोमीटर, डिकीखालचा भाग. चासी क्रमांक बिलाशी जुळवला. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी घरी आली.

कागदावर मायलेज लिटरला २७.९७ आहे. मला चाकणच्या गर्दीत बावीस-तेवीस मिळतं. मोकळ्या हायवेवर जोरात नेली तर त्याहून कमी. जुन्या डिझेलमध्ये उलट असायचं, म्हणून सुरुवातीला मला काही बिघडलंय असं वाटलं होतं. तळेगाव चौकात इंजिन बंद असतं आणि घरी पोचल्यावर डोकं दुखत नाही.

दुसरं बुकिंग रद्द केलं, पैसे खात्यात आले. जुन्या गाडीला ओळखीतच गिऱ्हाईक मिळालं. पाच वर्षांची आरसी बघून त्याने फारशी घासाघीस केली नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, आणि आरसी त्याच्या नावावर झाल्याचं ॲपवर दिसेपर्यंत मी दर आठवड्याला तपासत राहिले.