पाणी जिथे वाटलं जातं

नऊ वर्षं आम्हा दोघा भावांच्या तोंडात ‘आम्ही’ हा शब्द नव्हता. एकाच आवारात दोन चुली, मधे पत्र्याची भिंत आणि सामाईक विहिरीच्या पाण्यावरून दिवाणी कोर्टात पडलेला दावा. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मशीद एकच. जुम्म्याला एक भाऊ पहिल्या रांगेत दिसला की दुसरा शेवटची रांग धरायचा. ईदला साऱ्या गावाशी गळाभेट व्हायची, फक्त आमची व्हायची नाही. अशा आम्हा दोघांना फ्रान्समध्ये एका कालव्याच्या काठाने पाच दिवस बरोबर चालावं लागलं, त्याची ही हकीकत.

कारण झालं थोरल्याच्या मुलीचं. ती नवऱ्यासोबत तुलूझ शहरात नोकरी करते. तिला मुलगा झाला. अकीक्यासाठी तिने दोन तिकिटं पाठवली आणि फोनवर बजावलं, “अब्बा, चाचांना घेऊन येणार असाल तरच या.” धाकटा बारामतीला मास्तर होता तेव्हा त्याच्या घरी राहून ती बारावी झाली होती. तिचं म्हणणं मोडणं दोघांनाही जड गेलं.

अकीका पार पडल्यावर पोरीने नकाशा पसरला. थोरल्याचं हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. “इथून कास्तेलनोदारी गाव साठ-पासष्ट किलोमीटर आहे,” ती म्हणाली. “कालव्याच्या काठाने वाट आहे, चढ जवळजवळ नाहीच. रोज बारा-तेरा किलोमीटर चाला. मुक्कामाच्या खोल्या मी ठरवल्यात.” खोली दर रात्री एकच ठरवली होती. फोनवरचा नकाशा धाकट्याला कळायचा, औषधांची पिशवी थोरल्याच्या खांद्याला. एकमेकांना सोडून पुढे जायची सोय तिने ठेवलीच नव्हती.

या कालव्याचं नाव कानाल द्यु मिदी. चौदाव्या लुईच्या काळात, १६६६ ते १६८१ या वर्षांत तो खोदला गेला. तुलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या खाडीपर्यंत सुमारे २४० किलोमीटर त्याची लांबी. तुलूझला तो गारोन नदीला भेटतो आणि ती नदी अटलांटिकला जाते. म्हणजे दोन समुद्र जोडण्याचं हे काम. पूर्वी काठावरून घोडे चालत आणि दोराने नावा ओढत. त्या घोड्यांची वाट आज माणसांच्या पायाखाली आहे. मालाच्या नावा केव्हाच बंद झाल्या, आता हौशी प्रवाशांच्या बोटी फिरतात.

पहिला दिवस मुक्याने गेला. थोरला पुढे, धाकटा पन्नास पावलं मागे. सप्टेंबर सरत आला होता. दोन्ही बाजूंनी उंच प्लेन झाडांची कमान, पाण्यावर हिरवी सावली, पलीकडे सूर्यफुलांची काळी पडलेली, मान टाकलेली शेतं. समोरून येणारा प्रत्येक माणूस ‘बाँझूर’ म्हणायचा. आम्ही अनोळखी लोकांच्या सलामाला जवाब देत होतो आणि आपसात गप्प होतो. हे दोघांच्याही ध्यानात आलं असणार, पण बोललं कोणीच नाही.

बोलणं फुटलं दुसऱ्या दिवशी, एका बांधावर. कालवा जमिनीबरोबर चढतो-उतरतो तिथे पाण्याची कुंडं बांधली आहेत, दोन्ही टोकांना दरवाजे. बोट आत आली की मागचा दरवाजा बंद होतो, वरचं पाणी आत सोडतात, कुंड भरतं आणि बोट पाण्यासोबत वर चढते. कुंडाच्या भिंती सरळ नाहीत, बाहेरच्या अंगाला फुगलेल्या आहेत. सुरुवातीच्या कामात सरळ भिंत मातीच्या दाबाने कोसळली, म्हणून पुढे कमानीसारखा आकार दिला. शेजारी दरवाजे सांभाळणाऱ्याचं छोटं घर आणि त्याच्या भिंतीवर पाटी: मागचं कुंड किती मीटर, पुढचं किती.

ती पाटी बघत थोरला उभा राहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “अब्बांचा जुडगा कुणाकडंय रे?”

आमचे अब्बा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. रोज आठ-दहा मैल काठाने चालायचे. कमरेला गेटांच्या चाव्या, हातात कंदील. कुणाची पाळी किती वाजता सुरू होते आणि कधी संपते, सगळं त्यांच्या डोक्यात. पाळी संपायच्या आत गेट पडायचं नाही आणि संपल्यावर घटकाभरही उघडं राहायचं नाही. शेवग्याच्या शेंगा, गुळाची ढेप घेऊन लोक घरी यायचे, अम्मा दारातूनच परत पाठवायची. लहानपणी आम्ही दोघं त्यांच्या मागे काठाने पळायचो. पाणी वाटणाऱ्याची पोरं पाण्यावरून कोर्टात गेली, हे गाव आमच्या तोंडावर बोलत नसे एवढंच.

“माझ्याकडं आहे,” धाकटा म्हणाला. “ट्रंकेत.”

तिथून अंतर पन्नास पावलांवरून दहावर आलं.

जोहरची वेळ झाली की आडोसा शोधावा लागे. परक्या मुलखात उघड्यावर नमाज पढायची मनात धास्ती होती. तिसऱ्या दिवशी गरम वारा सुटला होता. या भागात त्याला ‘ओताँ’ म्हणतात, दिवसचे दिवस तो वाहत राहतो. वाटेपासून दूर एका झाडाच्या बुंध्याआड बाटलीतल्या पाण्याने वुजू केलं. जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून पढलेले आम्ही, इथे किबला आग्नेयेकडे. आमची वाटही साधारण त्याच दिशेने चाललेली. मुसाफिराची दोन रकातच. आणि जमातीत दोघंच असले की मुक्तदीला मागची रांग नसते, इमामाच्या उजव्या हाताला खांद्याशी खांदा लावूनच उभं राहावं लागतं. नऊ वर्षांनी भावाच्या खांद्याची ऊब लागली. सलाम फेरताना थोरल्याने उजवीकडे मान वळवली ती जरा जास्तच वेळ तशी राहिली.

वाटेवरून जाणारं एक म्हातारं जोडपं आमचं आटपेपर्यंत बोलणं थांबवून चालत गेलं. पुढच्या बाकावर भेटले तेव्हा हसून ‘बाँझूर’ म्हणाले.

त्याच दिवशी झाडांची कमान एकाएकी संपली. दूरवर उघडा काठ, कापलेले बुंधे आणि काठीला बांधलेली कोवळी रोपं. नंतर पोरीने सांगितलं. या कालव्यावर सुमारे ४२ हजार प्लेन झाडं होती, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली. २००६ साली इथे एका बुरशीचा रोग आढळला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती फ्रान्समध्ये आली असं मानतात. रोगाला औषध नाही. जमिनीखाली झाडांची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, त्यातून रोग शेजाऱ्याला लागतो. पाणीही तो पुढे नेतं. म्हणून आजारी झाड तोडायचं, जाळायचं आणि जागी दुसऱ्या जातीचं रोप लावायचं. हजारो झाडं अशी गेली. ज्यांनी ती रोपं लावली त्यांच्या हयातीत ती कमान पुन्हा होणार नाही. तरी रोपं लावलेली होती, नीट आळं करून.

चौथ्या दिवशी नोरूझ आलं. समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर, कालव्याचा सर्वांत उंच भाग. त्याच्या अलीकडच्या कुंडाचं नाव महासागर, पाचेक किलोमीटर पलीकडच्या कुंडाचं नाव भूमध्य. इथून पाणी दोन्हीकडे उतरतं. दोन समुद्र जोडायची कल्पना जुनी होती, अडलं होतं ते एकाच प्रश्नावर: माथ्यावर पाणी आणायचं कुठून? उत्तर शोधलं पिएर-पॉल रिके या माणसाने. तो इंजिनियर नव्हता, मिठावरचा कर गोळा करायचा. काळ्या डोंगरातले ओढे हेरले, सँ-फेरेओलला मातीदगडाचं मोठं धरण घातलं आणि चर खणून ते पाणी नोरूझला आणलं. पाणी शोधायला त्याच्यासोबत रेव्हेल गावचा एक पाण्याचा जाणकार हिंडत होता. आमच्या हिशेबी तिथला पाटकरीच. रिकेने घरचा पैसाही यात घातला आणि १६८० साली, कालवा खुला होण्याच्या काही महिने आधी, तो गेला.

डोंगराकडून येणारा तो चर आम्ही बराच वेळ पाहत बसलो. पाणी फार नव्हतं, आमच्या चारीला असतं तेवढंच. दावा कुणी आधी लावला, मोटर कुणी जाळली, हे नऊ वर्षं आम्ही वकिलांमार्फत बोललो होतो, तेच त्या दिवशी तोंडाने बोललो. आवाजही चढले. मग थोरला म्हणाला, “आपण वाटण्याचंच भांडलो रे. विहीर कुणी खांदली, ते विसरलो.” ती विहीर अब्बांनी दोन उन्हाळे ड्यूटीवरून आल्यावर खोदली होती. सुरुंगाचा दगड लागून त्यांची करंगळी गेली होती.

धाकट्याने नकाशा उलटा केला आणि पाळ्या लिहिल्या: चार दिवस, चार दिवस, उन्हाळ्यात तासांवर. दोघांनी सह्या केल्या.

पाचव्या दिवशी कास्तेलनोदारीला पोचलो. गावाची प्रसिद्धी कासुले नावाच्या पांढऱ्या घेवड्याच्या पदार्थाची, पण त्यात डुकराचं मांस. आम्ही पाव, चीज आणि द्राक्षं खाल्ली आणि रेल्वेने परतलो.

दावा मागे घेतला. पत्र्याची भिंत अजून आहे, तिला एक दार केलंय. गेल्या मे महिन्यात विहिरीला अर्ध्या तासाचंच पाणी उरलं. थोरल्याची डाळिंबं, धाकट्याचा ऊस. घड्याळ लावून पंधरा-पंधरा मिनिटं घेतली. आपल्याला दोन मिनिटं कमी मिळाली, अशी दोघांचीही तक्रार आहे. पण आता ती आम्ही एकमेकांच्या तोंडावर करतो, चहा पिता पिता.