टीपांकाची जागा

हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानातील एका कचेरीत ती दिवसभर इंग्रजी विद्वत्ग्रंथांची मुद्रिते तपासते आणि रात्री आपला मराठीतला प्रबंध लिहिते. दिवसाच्या कामात तळटिपेच्या अंकाविषयी शंका उरत नाही. १९०६ पासून निघत आलेल्या शिकागोच्या शैलीपुस्तिकेचा दंडक स्पष्ट आहे : टीपांक स्वल्पविराम, पूर्णविराम व मिटते अवतरणचिन्ह यांच्यानंतर, अपसारणचिन्हापूर्वी मात्र आधी, आणि शक्यतो वाक्याच्या किंवा उपवाक्याच्या अखेरीस.

तोच दंडक तिने प्रबंधात पाळला. एका समीक्षकाचे विधान अवतरणात देऊन ती पुढे लिहिते : असे म्हणताना समीक्षकाने केवळ संतकाव्य गृहीत धरले आहे. पूर्णविराम, मग टीपांक. मार्गदर्शकांनी त्या अंकाभोवती वर्तुळ काढून समासात विचारले, ‘हे कोण म्हणते?’

प्रश्न मुद्रणाचा वाटतो. वस्तुतः तो उत्तरदायित्वाचा आहे. इंग्रजीत वक्त्याचा निर्देश आधी करून अवतरण शेवटी ठेवता येते. मग अवतरण आणि वाक्य एकाच ठिकाणी संपतात आणि अंक नि:संदिग्ध राहतो. मराठीत ‘असे’, ‘म्हणून’ आणि क्रियापद बहुधा अवतरणानंतर येतात. त्यामुळे वाक्यान्तीचा अंक दुसऱ्याच्या शब्दांबरोबर आपल्या अनुमानालाही आधार मिळवून देतो. जर्मन परिपाठ येथे अधिक उपयोगी पडावा : टीप संपूर्ण वाक्याची असेल तर अंक पूर्णविरामानंतर, एखाद्या शब्दाची असेल तर त्या शब्दालगत, विरामचिन्हाच्या आधी. म्हणजे जागा अर्थ ठरवतो, चिन्ह नव्हे.

आपली विरामचिन्हेही इंग्रजीच्या वळणाने आली. मेजर कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. त्यापूर्वी पोथीचे काम मुख्यतः दंडावर भागे. मात्र गळालेले अक्षर दाखवणारे काकपद लेखनिक नेमके त्या गळालेल्या जागीच काढी. चिन्हे घेताना ही सवय सोडण्याचे कारण नव्हते.

तिने प्रबंधातील अंक एकेक करून मागे सरकवले. बहुतेकांना अवतरणाच्या कडेला जागा मिळाली. काही अंकांना मात्र वाक्यात कोठेच जागा मिळेना, कारण ती विधाने कोणाचीच नव्हती, तिचीच होती. ते अंक तिने काढून टाकले. त्या वाक्यांची सिद्धता आता तिलाच करावी लागणार आहे.