सराफ्यात अर्धा दोना

इंदूरच्या घरात पाहुणा आला की चहाचा कप खाली ठेवायच्या आत सराफ्याचा बेत ठरतो. जानेवारीत पुण्याहून माझा आतेभाऊ आला, तेव्हा आमच्याकडेही ठरला. फक्त बाबा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मला हल्ली झोप येते लवकर."

बाबांना झोप लवकर येत नाही. रात्री बारा-बारापर्यंत ते टीव्हीवर जुने क्रिकेटचे सामने बघत बसतात. मी पहिलीत असल्यापासून महिन्यातल्या एका तरी शनिवारी मला स्कूटरवर पुढे उभी करून राजेंद्रनगरहून सराफ्यात नेणारे हेच बाबा. पण ऑक्टोबरपासून त्यांनी सराफ्याचं नाव काढलं नव्हतं, आणि त्याचं कारण मी होते.

मागच्या मे महिन्यात माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. वजन ११२ किलो, बत्तिसाव्या वर्षी मधुमेह, आणि डॉक्टर इन्शुलिनचं बोलायला लागले होते. या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलिलिटरची एक पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं तिलाच जोडतात. (आपल्याकडे 'स्लीव्ह'ही बरेच जण करून घेतात. त्यात जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढूनच टाकतात.) आधी दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, असं करत दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण सुरू झालं. पिशवी हळूहळू थोडी सैल होते, तरी आठ महिन्यांनंतर माझं जेवण म्हणजे एक लहान वाटी. नियम ठरलेले: आधी डाळ, पनीर, दही, अंडं, पोळी-भात नंतर. घास चिमणीचा आणि तो चावून पार पीठ करायचा. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. सोडा, कोल्ड्रिंक बंद. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर.

घरात हे सगळं जमतं. अडतं ते घराबाहेर.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा बाहेर जेवायला गेलो ते एका थाळीच्या हॉटेलात, वहिनीच्या वाढदिवसाला. ती माझीच चूक. 'पाहिजे तेवढं खा'वाली थाळी एकीनं घ्यायची आणि दुसरीनं त्यातलं चाखायचं, हे तिथे चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यांचा धंदा त्यावरच चालतो. म्हणून पूर्ण थाळी घेतली. पाच मिनिटांत माझं आटोपलं. त्यानंतर पाऊण तास वाढपी दर फेरीला माझ्या भरलेल्या ताटाकडे बघून थांबत होता. शेवटी त्यानं विचारलंच, "मैडम, खाने में कुछ कमी रह गई क्या?" दादा म्हणाला, "डाएटिंग चालू आहे." मला ते आवडलं नाही, पण आठ जणांच्या टेबलावर आतड्यांची गोष्ट कोण काढणार?

आता मी तसल्या ठिकाणी जात नाही. जिथे एकेक पदार्थ मागवता येतो तिथे जाते, पनीर टिक्का किंवा दाल मागवते, अर्धी प्लेट मिळते का ते विचारते आणि उरलेलं सुरुवातीलाच बांधून मागते. समोर ठेवलं की आग्रह सुरू होतो. आपल्या घरांत आग्रहाला नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हणणं.

बाबांचा आग्रह तर प्रसिद्धच. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी आम्ही छप्पन दुकानला पोहे खायला गेलो होतो. इंदुरी पोहे, वर शेव आणि जीरावन, आणि शेजारी जलेबी. ही जोडी आपल्याकडे कोणी तोडत नाही. मी चार चमचे पोहे खाल्ले. बाबांनी कागदावरची गरम जलेबी उचलून माझ्या हातात दिली. "एक खा गं. एकानं काय होतंय?" मी खाल्ली. मग आणखी अर्धी, कारण ती पाच महिन्यांतली पहिली होती.

वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली. घाम फुटला, हात थरथरायला लागले, पोटात पिळवटून आलं. गाडीत मागच्या सीटवर आडवी पडले. बाबांना वाटलं, हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात पोचेपर्यंत मी बरीच सावरले होते. याला 'डम्पिंग' म्हणतात. साखर जठरात न रेंगाळता थेट आतड्यात पडते, आतडं तिच्यापायी शरीरातलं पाणी आत ओढून घेतं, आणि मग हे सगळं होतं. तासाभरात ओसरतं. डॉक्टरांनी बाबांना समजावून सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून माझ्यासमोर गोड खाणं सोडलं. एकदा रात्री पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात अंधारात उभे राहून ते गुलाबजाम खात होते. दिवाही लावला नव्हता.

म्हणून जानेवारीत मी हट्ट धरला. म्हटलं, "बाबा, तुम्ही नाही आलात तर मीही जाणार नाही. आणि पाहुण्याला सराफा कोण दाखवणार? दादाला तर गराडू कुठला चांगला तेही कळत नाही."

हे त्यांना लागलं. स्वेटर घालून आले.

सराफा राजवाड्याच्या मागे आहे. आपले पूर्वज होळकरांबरोबर इथे आले असं इंदूरमधलं एकूण एक मराठी घर सांगतं, आमचंही सांगतं. एवढी सगळी माणसं त्या फौजेत मावली कशी हा प्रश्न वेगळा. दिवसा इथे सोन्या-चांदीची दुकानं असतात. रात्री आठ-नऊला शटर खाली आली की त्याच दुकानांच्या ओट्यांवर आणि पुढच्या रस्त्यावर शेगड्या आणि कढया मांडल्या जातात, आणि एक-दीड वाजेपर्यंत गर्दी हलत नाही. बसायला जागा जवळजवळ नाहीच. दोना हातात घ्यायचा आणि उभ्यानं खायचं.

आणि तिथे उभी असताना माझ्या लक्षात आलं, की इथे मी कुणाला वेगळी दिसतच नाहीये. सराफ्यात एक माणूस एक दोना संपवत नाही. चौघं एक दोना घेतात, दोन-दोन घास खातात आणि पुढच्या ठेल्याकडे सरकतात, कारण पुढे आणखी दहा पदार्थ वाट बघत असतात. मी दोन घास खाऊन दोना पुढे केला तर ती सराफ्याची रीतच. थाळीच्या हॉटेलात ज्याची लाज वाटत होती, त्याला इथे कोणी ढुंकून विचारत नव्हतं.

सुरुवात भुट्ट्याच्या किसानं केली. कोवळा मका किसून तुपावर परतलेला, दुधात शिजवलेला, वर लिंबू आणि कोथिंबीर. मऊ असतो, मला सोसतो. दोन चमचे. मग जोशींचा दहीबडा. दोना हवेत उंच उडवून झेलायचा आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकापाठोपाठ एक सोडायचे, हा तिथला खेळ बघून आतेभाऊ मोबाइल काढायचाच विसरला. मी आधीच सांगितलं होतं, "भैया, एक में मीठी चटनी मत डालना." कोणी कारण विचारलं नाही. डाळ आणि दही, म्हणजे माझ्या नियमातलंच. अर्धा वडा सावकाश खाल्ला. खोबरा पॅटिसचा फक्त आतला खोबऱ्याचा भाग चाखला, बाहेरचं बटाट्याचं तळलेलं आवरण दादाच्या दोन्यात टाकलं. साबुदाणा खिचडी बघून आतेभाऊ म्हणाला, "ही खिचडी आहे?" त्याला तूप-जिरं घालून कढईत परतलेली, दाण्याच्या कुटाची अपेक्षा होती. इथली वाफेवरची, मसाला आणि फराळी मिक्स्चर कालवलेली. वाद झाला. तो वाद प्रत्येक पुणेकराबरोबर होतो आणि मिटत नाही.

गराडूपाशी बाबा रंगात आले. गराडू म्हणजे थंडीतला कंद, तुकडे करून खरपूस तळायचे, वर मसाला आणि लिंबू. कुठल्या कढईतला घ्यायचा, किती लाल झालेला घ्यायचा, सगळं त्यांनी आतेभावाला शिकवलं. मग सवयीनं एक तुकडा माझ्या तोंडाकडे नेला आणि हात मध्येच थांबला.

"हा चालतो, बाबा. पण छोटा द्या."

त्यांनी तो नखानं मोडून अर्धा केला, मग त्याचाही अर्धा केला. सराफानं मासा-गुंज तोलावं तसं. मी तो इतका वेळ चावत होते की तेवढ्यात त्यांचा दोना संपला. मग माझं नाक वाहायला लागलं. पोट भरलं की माझं असं होतं, बऱ्याच जणांचं होतं. ती माझी घंटा. बाबांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि म्हणाले, "झालं तुझं. बस आता." त्यांना हे ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढे रबडी-मालपुव्याचा ठेला. आतेभावानं शेजारी शिकंजी मागवली आणि लिंबूपाणी येईल म्हणून वाट बघत राहिला. हातात आला घट्ट, केशरी, सुक्या मेव्याचा दुधाचा ग्लास. बाबा मात्र ठेल्यापासून चार पावलं लांब, चांदीच्या दुकानाची पाटी वाचत उभे.

मी एक मालपुवा घेतला, वर रबडी घालून, आणि त्यांच्यापुढे धरला.

"नको गं. तुझ्यासमोर कसं..."

"अंधारात खाण्यापेक्षा बरं. खा, मी बघते."

त्यांना जरा वेळ काही बोलता आलं नाही. मग त्यांनी खाल्ला. पहिले दोन घास खाली बघून, नंतर नेहमीसारखा, मिश्यांना रबडी लावून. मला हवासा वाटला का? वाटला. चव कुठे गेलेली नाही माझी. चमच्याच्या टोकाला लागलेली रबडी जिभेवर घेतली आणि चमचा परत दिला.

साडेबाराला राजवाड्यापाशी गाडी काढायला आलो. मला तहान लागली होती. बाबांच्या हातात पाण्याची बाटली होती, घरून आणलेली. मी हात पुढे केला तर त्यांनी मनगटावरचं घड्याळ दिव्याकडे वळवलं.

"शेवटचा घास पाऊण-बाराला नव्हे, बारा दहाला घेतलास तू. अजून दहा मिनिटं."

आणि बाटली काखेत धरून उभे राहिले.