उणे पाणी

केतूरला उजनी धरणाच्या काठावर पाण्याची मोटार दुरुस्त होईपर्यंत बसून होतो. पाणी मागे सरकलं की पाइप अन् केबल वाढवायची, हे इथलं उन्हाळ्यातलं नेहमीचंच. बातम्यांत उजनी ‘उणे’ झालेली, अन् समोर भीमेचं पाणी तर दिसत होतं. ११७ टीएमसीच्या धरणात ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या पाण्याची; पाणी त्याखाली गेलं की ‘उणे’. आकडा खोटा नाही. पण उन्हाळ्यात त्याचीच धास्ती, अन् पावसाळ्यात ‘शंभर टक्के’ झाल्यावर जलपूजनाचे फोटोही त्याचेच. साडी-नारळ वाहणारे हात कॅमेऱ्यात येतात, चिखलातून केबल ओढणारे येत नाहीत. आता रागही येत नाही, याचंच वाईट वाटतं. बातमी ऐकली की मन आधी विचारतं, हे कोणाला दाखवायचंय? पाणी किती, हे नंतर.