ताण न देता

जुन्या मोटारीचा मालक इंजिनाविषयी भरभरून बोलतो, रंगाविषयी बोलतो, पेट्रोलच्या खर्चाविषयी कुरकुरतो. परंतु मोटार प्रथम जेथे हार मानते ती जागा बहुधा दाराच्या चौकटीभोवती असते. तेथे बोटभर जाडीचे काळे रबर असते आणि ते जागेवर असेपर्यंत त्याकडे कोणी पाहतही नाही. ते सुटले की पावसाचे पाणी आत येते, पायाखालच्या गालिच्यात मुरते आणि तळाच्या पत्र्याला गंज चढू लागतो. हा गंज वरून दिसत नाही. दिसतो तेव्हा पत्रा फारसा उरलेला नसतो. ठाणे-कल्याण परिसरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. आपले पूर्वज मृगापूर्वी घर शाकारून घेत, त्याच काळजीने जुन्या गाडीचे रबर मे महिन्यात तपासावे लागते.

आमच्या डोंबिवलीच्या घरी १९९५ची प्रीमियर पद्मिनी आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती नवी घेतली. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन करणारे शेठ वालचंद हिराचंद सोलापूरच्या जैन घराण्यातले, हे आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेलच. आगबोटी, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांचा पाया या देशात घालण्यात त्यांचा वाटा होता. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या आराखड्यावरून तयार होणाऱ्या गाडीला पुढे ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ती ओळखच ठरली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. कंपनीचा एक कारखाना आमच्या डोंबिवलीतही, कल्याण-शीळ रस्त्यावर होता. तेथे आता मोटारी बनत नाहीत. प्रीमियर कॉलनी आणि प्रीमियर ग्राउंड ही नावे तेवढी लोकांच्या तोंडी राहिली आहेत.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. आमच्या गाडीची ती मुदत ऑगस्टमध्ये संपत होती. अण्णांचे वय चौऱ्याऐंशी. दृष्टी मंदावल्यापासून त्यांनी स्वतः होऊन चालवणे सोडले, मात्र रोज सकाळी फडके घेऊन गाडी पुसण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. दर गुरुवारी मी त्यांना याच गाडीतून कल्याणला आत्याकडे नेतो. मोठ्या नव्या गाडीत चढताना त्यांचा गुडघा दुखतो. पद्मिनीच्या बैठकीवर ते सहज टेकतात.

ठाण्यात राहणारा माझा धाकटा भाऊ एप्रिलमध्ये म्हणाला, “या वेळी नूतनीकरण नको, गाडी मोडीत देऊ.” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. सोसायटीत जागा अपुरी, सुटे भाग दुर्मीळ, धूरही जास्त. मी नकार दिला, त्याने पुन्हा आग्रह धरला, आणि बोलणे गाडीवरून अण्णांची जबाबदारी कोण किती घेतो यावर कधी गेले ते कळले नाही. त्यानंतर तीन आठवडे आमचा फोन बंद होता. अण्णांना सर्व समजत होते. ते काही बोलले नाहीत.

मे महिन्यात मी चालकाच्या आसनामागचा गालिचा उचलला, तेव्हा पत्र्यावर रुपयाएवढा तांबूस डाग दिसला. पाणी येते कोठून हे शोधण्याची एक साधी रीत आहे. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावायचे आणि पट्टी हळूच ओढायची. रबर नीट दाबून बसत असेल तर पट्टी अडकते. सहज निघून आली तर तेथे फट आहे. दाराभोवती वीतभर अंतराने अशी परीक्षा घेतली, तर मागच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात पट्टी अलगद बाहेर आली. खात्री करून घेण्यासाठी अण्णा विजेरी घेऊन आत बसले आणि मी बाहेरून नळीने पाणी सोडले. काचेवर टकटक करून त्यांनी नेमकी जागा दाखवली.

रबर तेथे सुटले होते आणि आडव्या बारीक चिरांनी तडकले होते. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये ते बदलले होते. तुकडा थोडा आखूड पडला असावा, म्हणून तो ओढून बसवलेला दिसत होता. रबराचा स्वभाव येथे समजून घेण्यासारखा आहे. झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकी संशोधकाला गंधकासह तापवून ते टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. गंधकामुळे रबराच्या लांब साखळ्या एकमेकींशी बांधल्या जातात, म्हणून ताणलेले रबर पुन्हा मूळ आकारात येऊ पाहते. मूळ आकारात येण्याची ही ओढच त्याच्या मुळावर उठते. ओढून चिकटवलेले रबर दिवसरात्र आक्रसू पाहते आणि प्रथम कोपरा सोडते. शिवाय ऊन आणि वाहनांचा धूर यांमुळे हवेत तयार होणारा ओझोन वायू ताणाखाली असलेल्या रबरालाच चिरा पाडतो. त्याच जातीचा सैल तुकडा त्याच हवेत कितीतरी अधिक टिकतो.

जुन्या रबराचा तुकडा खिशात घालून मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलो. दुकानदाराने तुकड्याचा कापलेला छेद निरखला आणि तसल्याच आकाराचे वेटोळे काढले. हे रबर फुटावर मिळते. मापापेक्षा हातभर जास्त घेतले.

रविवारी भाऊ आला. त्याच्या हातात गाडी मोडीत देण्याचे कागद होते. मी चौकटीवरचा जुना गोंद लाकडी पट्टीने खरवडत होतो. रंगाला धक्का लागू नये म्हणून थिनर थेट न ओतता फडक्यावर घेऊन पुसावा लागतो. गंजाचा डाग घासून त्यावर रेड ऑक्साइड लावून झाला होता. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्याची भोके असतात, तीही तारेने मोकळी केली होती. ती बुजली तर वरचे रबर कितीही चांगले असले तरी दार आतून कुजते. चिकटवण्याचे काम मात्र एकट्याचे नव्हे. रबराला आणि पत्र्याला, दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ थर द्यायचा, बोटाला तार येईनाशी होईपर्यंत थांबायचे, आणि मगच दाबायचे. एकाने धरायचे, दुसऱ्याने बसवायचे. भावाने कागद बाजूला ठेवले आणि दुसरे टोक धरले.

वरच्या मध्यापासून सुरुवात केली, म्हणजे सांधा खाली येतो आणि पावसाच्या तोंडी राहत नाही. कोपरा आला तसे भावाने सवयीने रबर ओढून सरळ केले. खुर्चीवर बसलेले अण्णा म्हणाले, “ओढू नकोस रे. थोडे जास्तच दे. त्याचे ते बसेल.” आम्ही दोघांनी मिळून कोपऱ्यात रबर आत ढकलत थोडे अधिक भरले. शेवटी टोके जरा लांब ठेवून सरळ कापली आणि एकमेकांत दाबून बसवली. दार लावून रात्रभर तसेच ठेवले. अण्णांचे ते वाक्य त्यांनी रबरापुरतेच उच्चारले होते, असे आम्हा दोघांपैकी कोणालाच वाटले नाही. त्या रात्री भाऊ आमच्याकडेच जेवला.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर गालिचा कोरडा होता. ऑगस्टमध्ये कल्याणच्या परिवहन कार्यालयात तपासणी पार पडली आणि पाच वर्षांची मुदत मिळाली. ती संपेल तेव्हा काय करायचे हे आम्ही ठरवलेले नाही, आणि आज ठरवण्याचा हट्टही कोणी धरत नाही. भाऊ एका गुरुवारआड ठाण्याहून येतो आणि अण्णांना कल्याणला तो नेतो.

ज्यांच्या दारी अशी जुनी गाडी असेल त्यांनी वर्षातून दोनदा रबर साध्या साबणाच्या पाण्याने पुसून वाळवावे. चकाकी आणण्यासाठी रॉकेल किंवा इंजिन तेल लावू नये. त्याने रबर फुगते आणि मऊ पडते. सिलिकॉनचा हलका हात पुरतो. बाकी तपासणीला वर्तमानपत्राची एक पट्टी पुरे. हल्ली भाऊ आला की बोलता बोलता ती दारात धरून ओढून पाहतो. पट्टी अडकते.