जुन्या तंबोऱ्याची पारख

जुना तंबोरा किंवा जुनी वीणा स्वस्तात मिळत असेल, तर किमतीआधी एक गोष्ट ठरवावी लागते: या वाद्यातले काय बदलता येईल आणि काय नाही. तारा बदलतात, घोडी बदलते, खुंट्या नव्या बसतात, पॉलिश पुन्हा चढते. भोपळा, दांडी आणि त्या दोन्हींना जोडणारा गळा हे तीन अवयव मात्र फारच बिघडले, की दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीच्या वर जातो आणि आवाज परत येईल याची खात्रीही राहत नाही. पारख मुख्यतः या तिघांची करायची. बाकी सगळे हिशेबात धरता येते.

बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या उमापूरच्या बाजूला अशी खरेदी बहुधा एकट्यादुकट्याची नसते, भजनी मंडळाची असते. हा गोदाकाठचा मुलूख. वारकऱ्यांचे पैठण जवळ, नारायणगड जिल्ह्यातच, आणि अखंड हरिनाम सप्ताह गावोगावचा. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारेकरी बदलतात, रात्री-अपरात्री एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात ती जाते, पण तिचा झंकार थांबत नाही. ही वारकरी वीणा म्हणजे उभ्याने वाजवायचा, पट्ट्याने गळ्यात अडकवलेला लहान तंबोराच. सूर धरून ठेवणे एवढेच तिचे काम. त्यामुळे तंबोऱ्याच्या पारखीचे जवळजवळ सगळे नियम तिला लागू पडतात. गवयाचा तंबोरा दिवसातून तासभर वाजतो. सप्ताहातली वीणा सात दिवस आणि सात रात्री, अनेक अनोळखी हातांत. म्हणून मंडळाने वाद्य घेताना मजबुती अधिक कडकपणे तपासावी.

महाराष्ट्रातल्या चांगल्या जुन्या वाद्याचा माग काढला तर तो बहुतेक वेळा मिरजेला पोचतो. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तिथे वाद्ये बनवण्याच्या कामाकडे वळले. तलवारींचा काळ सरत होता आणि मिरज संस्थानच्या आश्रयाने गाणे वाढत होते. त्यांच्या वंशजांना पुढे लोक सतारमेकर म्हणू लागले. गवई अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि गवयाचा कान व कारागिराचा हात एकाच गावात आले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा मात्र मिरजेचा नसतो. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो, वेलीवरच पक्व होतो, मग वाळवला जातो. उमापूरहून मिरजेला जायचे तर तीनशे किलोमीटरांहून जास्त अंतर आहे. पण बीडची माणसे दरवर्षी ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांवर जातात, दिवाळीच्या सुमारास निघून उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मिरजेची वाट या जिल्ह्याला परकी नाही. जुने वाद्य घेताना हे लक्षात ठेवावे, कारण दुरुस्तीला ते शेवटी तिकडेच न्यावे लागते.

अलीकडे जुने तंबोरे स्वस्त झाले, त्याचे कारण त्यांच्यातला दोष नाही. आधी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आली, मग मोबाइलमध्येच सूर मिळू लागला. घरातली गाणारी पिढी गेली, तंबोरा गवसणीत घालून माळ्यावर ठेवला गेला, आणि कधीतरी जागा मोकळी करताना तो विकायला निघाला. अशा वाद्याची किंमत अनेकदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कवडीमोलाने उत्तम वाद्य मिळू शकते ते इथेच, आणि सुतळीने आवळून ठेवलेली मोडतोडही इथेच मिळते.

भोपळ्यापासून सुरुवात करावी. तारा सैल करून, वाद्य मांडीवर आडवे घेऊन, बोटाच्या पेराने ठोकत सगळ्या भोपळ्यावरून फिरावे. धड भोपळा सगळीकडे एकाच जातीचा मोकळा आवाज देतो. चीर असेल तिथे आवाज फाटतो. आतून कापड चिकटवून लिंपण केले असेल तिथे तो बसका येतो. लिंपण म्हणजे लबाडी नव्हे. भोपळा ठिसूळ असतो, प्रवासात तडकतो, आणि नीट सांधलेला भोपळा वर्षानुवर्षे चालतो. चीर कुठे आहे यावर सगळे अवलंबून. पोटाच्या फुगीर भागातली उभी, छोटी चीर सोसते. तळाशी जिथे तारा अडकवतात तिथली चीर सोसत नाही, कारण चारही तारांचा ताण त्याच जागी येतो. गळ्याच्या कडेला फिरत गेलेली चीर दिसली तर वाद्य परत करावे. भोपळ्यावर एखाद्याच ठिकाणी जाड, गडद रंगाचा थर असेल तर तिथे नख लावून पाहावे. जुने लाखेचे पॉलिश पातळ असते आणि त्यातून भोपळ्याची पाठ दिसते. मिरजेत नवा भोपळाही बसवून मिळतो, पण मग वाद्याचा आवाज नवा होतो आणि खर्चही नव्याच्या जवळ जातो.

मग गळा. भोपळ्याला एका हाताने आधार देऊन दुसऱ्या हाताने दांडी हलकेच दाबावी. सांध्यात केसभर जरी हालचाल जाणवली किंवा करकर ऐकू आली तर सरस सुटला आहे असे समजावे. सुटलेला सांधा पुन्हा बसवता येतो, ते कारागिराचे रोजचे काम आहे. पण कुणी घरच्या घरी त्यात खिळा किंवा स्क्रू मारला असेल तर लाकूड आतून चिरलेले असते, आणि तसे वाद्य फुकट मिळाले तरी महागच पडते.

दांडी पाहायची ती एका टोकाकडून, एक डोळा मिटून, सुतार फळी पाहतो तशी. ती सरळ हवी. तारांच्या ओढीने दांडी पुढे वाकली असेल तर तारा दांडीपासून मधेच फार उंच दिसतात. पीळ पडला असेल तर घोडी आणि वरची पट्टी एका पातळीत येत नाहीत. थोडा बाक चालतो, कारण तंबोऱ्याच्या तारा दाबून वाजवायच्या नसतात. पीळ चालत नाही. दांडी बहुधा तुनाच्या लाकडाची असते, आतून पोकळ, आणि याच लाकडाला भुंगा लागतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोके जुनी असतील तर घाबरू नये. वाद्य पांढऱ्या कागदावर ठेवून थापटावे. ताजे पीठ पडले तर किडा अजून आत आहे, आणि तो घरातल्या इतर लाकडातही जाईल.

भोपळ्यावरची लाकडी तबली बाजूने पाहिली तर किंचित फुगीर दिसते. वर्षानुवर्षे तारा ताणलेल्या ठेवून दिल्या असतील तर ती घोडीखाली दबते. असा खोलगा बोटाला लागला तर आवाज कोंदटच येणार, जवारी कितीही चांगली केली तरी.

आणि जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्यामुळे तारेत उमटणारा झंकार. तंबोरा तंबोरा होतो तो इथे. घोडीचा माथा डोळ्यांना सपाट वाटतो, पण त्याला अगदी थोडा बाक दिलेला असतो. तार कंप पावताना त्या बाकावर घासत, टेकत, सुटत राहते. मध्ये सुताचा एक धागा सरकवून ती नेमकी कुठे टेकेल हे ठरवतात. 1921 साली भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी या घोडीवर शोधनिबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा, म्हणजे मूळ सुरासोबतच्या वरच्या सुरांचा, स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा तारेचा सर्वमान्य नियम आहे. तंबोऱ्यात आणि वीणेत ते उपस्वरही स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी दाखवले. गवई शतकानुशतके कानाने ज्यावर विसंबत आले, त्याचे कारण या बोटभर रुंदीच्या पट्टीत आहे.

खरेदीदाराने जवारी पाहण्यासाठी मधल्या जोडीतली एक तार सुरात लावावी, ती हलकेच छेडत धागा पुढे-मागे सरकवावा आणि ऐकावे. एखाद्या जागी आवाज एकदम उमलला, एका तारेतून वरचे सूर एकामागून एक पाझरू लागले, तर घोडीत जीव आहे. कुठेच तसे झाले नाही, तार नुसती टणटणली किंवा खरखरली, तर माथ्यावर तारांनी चरे पाडले आहेत. हा दोष वाद्य नाकारण्याइतका नव्हे. कारागीर कानस लावून जवारी पुन्हा काढतो, थोडे घासून, तार चढवून, ऐकून, पुन्हा घासून. घोडी प्रत्येक वेळी थोडी पातळ होते, म्हणून तिची जाडी पाहून ठेवावी. फारच झिजली असेल तर नवीही मिळते. मात्र जवारी जागी नसताना विकणारा ‘आवाज छान आहे’ म्हणाला, तर त्याचा कान वाद्याला लागलेला नाही एवढे समजावे.

खुंट्या उन्हाळ्यात सटकतात आणि पावसाळ्यात घट्ट बसतात. खडू लावून भागते. भोकच मोठे झाले असेल तर नवी खुंटी घडवावी लागते. तारांचा खर्च मामुली. घोडीखालचे सूर जुळवायचे मणी नसले तरी ते मिळतात.

नक्षीला भुलू नये. पांढरी वेलबुट्टी आज प्लास्टिकची असते. ती खरोखर हस्तिदंताची असेल, किंवा घोडी सांबरशिंगाची असेल, तर सावध व्हावे: वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनंतर अशा वस्तूंची खरेदी-विक्री बेकायदा आहे, वाद्य कितीही जुने असले तरी.

बीडच्या बाजूला पारखीचा ऋतूही महत्त्वाचा आहे. कृष्णाकाठी घडलेले वाद्य मराठवाड्याच्या कोरड्या हवेत येते, चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि लाकूड आकसते. पावसाळ्यात फुगलेले लाकूड आपल्याच चिरा झाकून घेते. म्हणून शक्य तर वाद्य उन्हाळ्यात पाहावे. तेव्हा जे धड दिसते ते धडच असते. पत्र्याच्या खोलीत किंवा चुलीच्या धुराशी राहिलेले वाद्य जास्त बारकाईने तपासावे.

हीच पारख दूरच्या वाद्यांनाही लागते. अरबी ऊद घेणाराही आधी पोट, मग तबली, मग दांडीचा सांधा पाहतो. फरक एवढाच, की ऊदाचे पोट लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून जोडलेले असते, आणि ऊदाच्या तारा बोटांनी दाबून वाजवायच्या असल्यामुळे दांडीचा थोडा बाकही तिथे खपत नाही. तंबोरा त्या बाबतीत क्षमाशील आहे.

राहिला पैशाचा हिशेब. मागितलेली किंमत, जवारी आणि खुंट्यांचा खर्च, मिरजेला नेण्या-आणण्याचे भाडे आणि वाटेसाठी लाकडी पेटी, हे सगळे एकत्र धरावे. ही बेरीज त्याच दर्जाच्या नव्या वाद्याच्या निम्म्याच्या आत राहत असेल तर घ्यावे. निम्म्याच्या वर गेली तर भोपळा असामान्य बोलका असेल तरच. शिकाऊ माणसाने गळा सुटलेले वाद्य घेऊ नये. दुरुस्त होऊन येईपर्यंत त्याचे महिने जातात, आणि बेसूर वाद्यावर कान तयार होत नाही. मंडळाला सप्ताहासाठी वीणा हवी असेल तर खरेदी आणि सप्ताह यांत निदान एक पावसाळा जाऊ द्यावा. त्या काळात तारा किंचित उतरवून, गवसणीत, भिंतीपासून अंतर ठेवून वाद्य टांगावे, आणि आठवड्यातून एकदा सुरात लावून पाहावे. सूर दर वेळी त्याच खुंटीवर उतरत असेल तर खुंटी बदलावी; चारही तारा मिळून उतरत असतील तर गळा पुन्हा तपासून घ्यावा.